खांद्यावरचे हात

शनिवार, संध्याकाळ. अल कुसैस, दुबई.

दुपारी ऋचाचा कोरियाहून व्हिडिओ कॉल. एक्स्चेंजवर जाऊन लेकीला जेमतेम महिना झाला असेल, आणि आज तिथल्या दोन युनिव्हर्सिटींच्या दरवर्षीच्या मॅचला लाल जर्सी घालून उभी. स्टँडमध्ये कुणी बसतच नाही म्हणे. दोन्हीकडच्या मुलींचे हात तिच्या खांद्यांवर, सगळ्या एका तालात डोलत होत्या.

"कोण गं या?"

"नो आयडिया, आई! गाणं लागलं की शेजारच्याच्या खांद्यावर हात टाकायचा. एव्हरीबडी डज इट."

हीच ना ती? एअरपोर्टवर मी खांद्यावर हात ठेवला तर म्हणाली होती, "आई, प्लीज, पीपल आर वॉचिंग." वाईट वाटलं का मला आज? तसंही नाही. तिची टीम हरली, तरी ते हात खाली आले नाहीत. मॅच मी पाहिलीच नाही, खांदेच बघत बसले.

मघाशी हे सोफ्यावर चहा घेत बातम्या बघत होते. मी शेजारी बसले आणि सहज यांच्या खांद्यावर हात टाकला.

यांनी टीव्ही म्यूट केला. "काय गं, चक्कर येतेय का?"