नाकाखालचा बाम

७ एप्रिल, सोमवार

शी! दोनदा अंघोळ केली, तरी केसांत तोच वास. बिरप्पा आजोबांचा शुगरनं सडलेला पाय — पट्टी सोडली आणि मला उलटीच झाली. पायावर नाही, एवढं नशीब! सर सगळ्यांसमोर म्हणाले, "किळस येते तर बँकेत लागायचं होतं. चांगल्या डॉक्टरला नाक नसतं." नर्सिंग होममध्ये लागून आठवडा नाही झाला आणि ही शोभा.

आजोबाच मला म्हणाले, "जाऊ दे पोरी, मलाबी येतीया की किळस."

आईनं डब्यात शेंगाचटणी दिली होती. उघडलासुद्धा नाही.

९ एप्रिल, बुधवार

रेश्मा सिस्टरनी युक्ती सांगितली — मास्कच्या आधी नाकाखाली बाम चोळायचा. सगळेच लावतात म्हणे, सरसुद्धा! डोळे चुरचुरतात, पण वास गायब. आजोबांची पट्टी मी एकटीनं बदलली. सर बघत होते. म्हणाले, "आता झालीस डॉक्टर!" दिवसभर हवेत होते.

११ एप्रिल, शुक्रवार

आजोबांच्या शेजारच्या खाटेवर दुधनीचा सिद्धाप्पा आहे. टेम्पो चालवतो. अपघातात नडगी मोडली, जखमेला टाके घालून वर प्लास्टर. "टेम्पो कधी चालवू?" एवढं एकच विचारतो. आज थोडा ताप होता. "दुखतंय का?" तर बायकोकडे बघून म्हणतो, "न्हाय मॅडम, बरं हाय."

आणि ती बायको, धनलक्ष्मी! खाटेखाली उदबत्ती लावून बसलेली! शेजारी ऑक्सिजनचा सिलिंडर, आणि ही! मी कडाडलेच — "देवघर आहे का हे?" ती पुटपुटली, "वास येतोय की, मॅडम..." म्हटलं, आजोबांचा आहे, सगळ्यांनाच येतो, सहन करा. तिनं मान खाली घातली. वीट आलाय या लोकांचा.

१३ एप्रिल, रविवार

आज चादरीवर पावडर! अख्खा डबा रिकामा केलाय बाईनं. माझ्या कोटावर पांढरे डाग. काय बोलणार? सिद्धाप्पाचं प्लास्टर वरून पाहिलं, बोटं हलवतो. ताप आहेच, गोळी वाढवली. एवढ्या उन्हात कोण थंड आहे या सोलापुरात!

आजोबांची पट्टी केली आणि लगेच डबा खाल्ला. चटणी-भाकरी, सगळं. गेली एकदाची किळस.

१५ एप्रिल, मंगळवार

आजोबांना काल घरी सोडलं. त्यांची खाट धुतली, फिनेल टाकलं, खिडक्या उघड्या. म्हटलं, आता बाम कशाला? तशीच आत गेले.

वास तसाच.

मास्क काढला. सिद्धाप्पाच्या पायाशी वाकले. प्लास्टरमधून येत होता. सरांना बोलावलं. प्लास्टर कापलं — आतलं लिहवत नाही. सरांनी मास्क खाली ओढला. त्यांच्याही नाकाखाली बाम चमकत होता.

१६ एप्रिल, बुधवार

सिद्धाप्पाचा पाय गुडघ्याखाली कापला. धनलक्ष्मीनं माझे हात धरले. "चुकलं मॅडम. आपल्याच माणसाचा वास येतोय म्हणायची लाज वाटली. म्हणून झाकत हुते. माफ करा."

माझी माफी मागते ती — माझी!