सभेत तू विचारलंस ते

आई,

परवा चारोटीच्या नाक्यावर चहासाठी गाडी थांबली, तिथे एक तरुण जवान उभा होता. सुट्टीवर घरी निघालेला असावा, खांद्याला हिरवी किटबॅग होती. माझी नजर त्याच्या चेहऱ्याकडे जायच्या आधी पायांकडे गेली. चांगले जाड तळव्यांचे, घोट्याच्या वरपर्यंत येणारे चामडी बूट होते. बरं वाटलं, आणि लगेच डोळे भरून आले. गाडीतला माझा मुलगा म्हणाला, काय झालं? मी म्हटलं, धूळ गेली. तेव्हापासून मनातल्या मनात तुझ्याशीच बोलते आहे. बोलून संपेना, म्हणून आज कागद घेऊन बसले.

डहाणूचं आपलं घर मला अजून कोपऱ्यान् कोपऱ्यासकट आठवतं. समुद्राकडच्या आळीतल्या दोन खोल्या, मागच्या दाराला लागून कुणाची तरी चिकूची वाडी, आणि वारा फिरला की किनाऱ्यावर वाळत टाकलेल्या बोंबलांचा वास थेट तुझ्या चुलीपर्यंत. बाबा गेले तेव्हा मी इतकी लहान होते की त्यांचं काहीच आठवत नाही. तुझ्या मास्तरकीवर घर चालायचं, आणि घरातलं तिसरं माणूस म्हणजे मामा. नात्याने तुझा धाकटा भाऊ, पण आजी लवकर गेल्यामुळे त्याला न्हाऊमाखू घालण्यापासून सगळं तूच केलेलं. तो फौजेत निघाला तेव्हा आळीतल्या बायका तुला बोल लावायला आल्या होत्या. एकुलता एक भाऊ, त्याला कशाला पाठवलंस म्हणून. तू पीठ मळत होतीस, तशीच मळत राहिलीस आणि म्हणालीस, "मी कुठे पाठवला? तो निघाला. मी फक्त अडवला नाही." त्या गेल्यावर मात्र तू परातीतच हात ठेवून किती तरी वेळ बसलीस.

मग बासष्ट साल उजाडलं, आणि त्या सालच्या ऑक्टोबरात चीनशी लढाई सुरू झाली. अंगातून घामाच्या धारा लागाव्यात असा आपल्याकडचा तो ऑक्टोबर, आणि तुझ्या शाळेच्या पडवीत लोकरीचे गठ्ठे येऊन पडलेले. जवानांसाठी स्वेटर विणायचे होते. डहाणूत कुणाला विणता येत होतं? लोकर म्हणजे काय हेच निम्म्या बायकांना माहीत नव्हतं. शेवटी वाडीवाल्या एक इराणी बाई आल्या आणि त्यांनी सगळ्यांना सुया धरायला शिकवलं. मीही एक बाही विणली होती, ती दोनदा उसवावी लागली. तुझ्या घामाने भिजलेल्या बोटांना लोकर चिकटायची. संरक्षण निधीसाठी दागिने मागायला लोक आले तेव्हा माझ्या लग्नासाठी ठेवलेल्या दोन पाटल्या तू काढून दिल्यास, आणि मला म्हणालीस, "तुला नंतर करू." हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे लोक तुला काय काय म्हणाले ते मी ऐकलं आहे. पण एका संध्याकाळी विणता विणता तू थांबलीस. सुई तशीच वर धरून म्हणालीस, "त्याची पलटण नवरात्रातच वर गेली. मग ही लोकर आत्ता कशी येते आहे?" ते तू मला नव्हे, स्वतःलाच विचारत होतीस.

लढाई थांबली तरी मामाची खबर नव्हती. मग तार आली की तो पुण्याच्या लष्करी दवाखान्यात आहे. होळीच्या सुमारास तो घरी आला. स्टेशनवर आपण दोघी गेलो होतो. डब्यातून तो काठी टेकत उतरला, आणि मला वाटलं पाय मुरगळला असेल. पायांची बोटं हिमाने काळी पडून कापावी लागली, हे त्याने घरी आल्यावर सांगितलं, तेही पाणी पिता पिता, जणू दुसऱ्या कुणाचं सांगतो आहे. पाय त्याने आपल्याला कधी दाखवले नाहीत. दार लावून घ्यायचा, स्वतःच पुसायचा, मलम लावायचा, बुटांच्या पुढच्या भागात कापूस कोंबायचा आणि मग बाहेर यायचा.

तुझ्या स्वयंपाकघरात तो चुलीच्या अगदी जवळ बसायचा. तिथेच त्याने ते सांगितलं, एका दमात नाही, दोन-चार वाक्यं आज, दोन-चार उद्या. पंजाबातल्या उन्हातल्या छावणीतून त्यांना उचललं आणि तसेच नेफाच्या, म्हणजे आताच्या अरुणाचलच्या, डोंगरात चढवलं. अंगावर सुती कपडे, पायात कॅनव्हासचे बूट, एकेक कांबळं. रायफली पहिल्या महायुद्धाच्या वेळच्या, गोळ्या मोजक्या. विमानातून जे सामान टाकत ते बहुतेक दरीत जायचं. "आम्ही वरून बघायचो ताई, दरीत पांढऱ्या छत्र्या पडलेल्या. त्यात आमचे कोट होते म्हणे." दिल्लीतून हुकूम आला होता, शत्रूला हाकलून द्या. त्यांच्या मोठ्या साहेबांनी कळवलं होतं की या तयारीवर जमायचं नाही, पण खाली दिल्लीत कुणी ऐकलं नाही. पहाटे हल्ला झाला तेव्हा त्याच्या शेजारचा साताऱ्याकडचा पोरगा बंदुकीचा चाप ओढू शकला नाही, कारण त्याची बोटं वळत नव्हती. एवढं सांगून मामा थांबला. तू त्याच्यापुढे भाकरी ठेवलीस. त्याने ती तशीच राहू दिली.

आणि मग ती सभा. शाळेच्या पटांगणात मांडव, पताका, मुंबईहून आलेले सरकारातले पाहुणे. तालुक्यातला लढाईवरून परतलेला जवान म्हणून मामाचा सत्कार होता. तो नको म्हणत होता, पण तुझे हेडमास्तर घरी येऊन गळ घालून गेले. मंचावर तो खुर्चीत ताठ बसला आहे, गळ्यात झेंडूचा हार, काठी खुर्चीमागे लपवलेली. मी तुझ्या शेजारी सतरंजीवर. पाहुणे छान बोलत होते. मग ते म्हणाले, "आपल्या जवानांना सरकारने काही कमी पडू दिलं नाही. कमी पडलं ते फक्त नशीब." मला तुझं कोपर लागलं. बघते तर तू उभी.

"साहेब, एक विचारू?"

मांडवात सगळे वळून बघू लागले. पाहुण्यांनी हसून मान हलवली. त्यांना वाटलं असेल, बाई ओवाळायचं विचारते आहे.

"माझ्या भावाला बर्फात कॅनव्हासचे बूट घालून कुणी पाठवलं?"

पाहुणे म्हणाले, "बाई, तुमच्या भावना मी समजू शकतो. पण ही वेळ असले प्रश्न विचारायची नाही."

"मग कधी विचारायचे? पोरं वर चढायच्या आधी आम्हाला कुणी काही सांगितलं नाही. लढाई चालू असताना विचारलं तर आम्ही देशाचे वैरी. आता म्हणता, वेळ नाही. आम्ही इथे घामात स्वेटर विणत होतो, साहेब, तेव्हा ती पोरं गोठून गेली होती. ज्यांनी पाठवलं त्यांना थंडी असते हे माहीत नव्हतं का?"

मला तेव्हा तुझा फार अभिमान वाटत होता. तू तिथेच थांबली असतीस तर! पण तू मंचाकडे हात केलास आणि मामाला म्हणालीस, "दाखव रे त्यांना. बूट काढून दाखव."

मामा हलला नाही. त्याचा चेहरा मला समोरून दिसत होता. मग तो उठला, पाहुण्यांना सॅल्यूट केला, मोठ्याने "जय हिंद" म्हणाला आणि काठी न घेता पायऱ्यांकडे चालू लागला. टाचांवर तोल सांभाळत, एखादं मूल नुकतं चालायला लागावं तसा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, जवानाने बहिणीला उत्तर दिलं. टाळ्या थांबेनात, आणि तू त्या गर्दीत एकटी उभी.

घरी तो ओट्यावर बसला होता. तू म्हणालीस, "चुकीचं काय बोलले मी?"

"काहीच चुकीचं नाही," तो म्हणाला. "सरकारला विचारलंस, ते बरोबरच होतं. पण माझे पाय तू मला न विचारता मागितलेस, ताई."

"मी तुझ्यासाठीच—"

"माझ्याबरोबरची पोरं शेवटच्या गोळीपर्यंत जागा सोडून हलली नाहीत. आता डहाणूत लोक काय म्हणणार? बिचारे, थंडीने मेले. आम्ही बिचारे नव्हतो."

पुढच्याच आठवड्यात तो कोसबाडला एका वाडीवर राखणदारीच्या कामाला गेला. तू डबा बांधून दिलास, तो त्याने घेतला, पण जाताना तुझ्या पाया पडला नाही.

शाळेतून विचारणा आली. लेखी माफी द्या, प्रकरण मिटेल. हेडमास्तर वाईट माणूस नव्हते, हात जोडून म्हणाले, "बाई, दोन ओळी लिहा. मुलीकडे बघा." तू म्हणालीस, "कशाची माफी लिहू सर? प्रश्न विचारल्याची, की उत्तर न मिळाल्याची?" तोपर्यंत गावात तू लाल बावट्याची झाली होतीस, चीनची झाली होतीस. ज्या दुकानातून आपण वाणसामान आणायचो तो शेठ पुडी बांधता बांधता हळूच म्हणाला, "साचुं बोल्या बेन, पण आवुं बोलाय नही." खरं बोललात, पण असं बोलू नये. सगळ्या डहाणूत तुला बरोबर म्हणणारा तो एकटाच, आणि तोही कुजबुजत.

बदलीचा हुकूम तलासरीचा आला, तोही आतल्या पाड्यावरचा. एसटी सोडल्यावर ओढा ओलांडून पायवाटेने जायचं. कुडाच्या भिंतींची एक खोली, तीच शाळा आणि तिच्याच मागच्या भागात आपण. वारली पोरं पहिले काही दिवस आपल्याला बघून पळायची, मग तुझ्या पदराला धरून हिंडायला लागली. तू तिथे रमलीस असं मी लोकांना सांगते. पण संध्याकाळी दिवा लावला की तू पायवाटेकडे बघत बसायचीस. मामा दर दिवाळीला कोसबाडहून चिकूची करंडी पाठवायचा. स्वतः आला नाही.

पासष्टच्या लढाईत तू रोज पायपीट करून तलासरीच्या नाक्यावर रेडिओ ऐकायला जायचीस. एकदा मीही बरोबर होते. बातम्या संपल्यावर एक कारकून तुला म्हणाला, "बघा बाई, ह्या वेळी जवानांना सगळं मिळालं. सरकार शिकलं की नाही?" तू म्हणालीस, "शिकलं. पण कुणाच्या पायांवर शिकलं, तेवढं विसरू नका." आणि भराभर चालायला लागलीस. ओढ्यापाशी आल्यावर तू रडते आहेस हे मला कळलं. मी तुझ्यामागे दोन पावलं राहून चालले, तुला मोकळेपणी रडता यावं म्हणून.

मग तुला कावीळ झाली. डहाणूच्या दवाखान्यातून आणलं तेव्हा डॉक्टरांनी फारसं काही सांगितलं नाही, त्यावरूनच समजायचं ते मी समजले. मामाला निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो पायवाटेवर दिसला. एसटीपासून चालत आलेला, घामाने निथळत, काठीवर सगळा भार. तू चटईवर उठून बसायचा प्रयत्न करत होतीस.

"चालत कशाला आलास? पाय दुखले असतील."

"जी बोटं नाहीत तीच जास्त दुखतात," तो म्हणाला आणि तुझ्यासमोर जमिनीवर बसला.

मग त्याने बूट काढले. कापूस काढून बाजूला ठेवला. मोजे काढले, आणि दोन्ही पाय तुझ्यापुढे लांब केले. तू त्यांच्याकडे बघत राहिलीस. इतकी वर्षं ज्यांच्यासाठी सगळ्या गावाशी वैर घेतलंस, ते तू पहिल्यांदाच बघत होतीस. तू दोन्ही पाय ओढून मांडीवर घेतलेस, लहानपणी त्याला न्हाऊ घालताना घेत असशील तसे. पिवळ्या पडलेल्या हातांनी त्या बुटक्या पावलांवरून हात फिरवत म्हणालीस, "मी आधी हे बघायला हवं होतं रे. मग बोलायला हवं होतं."

तो म्हणाला, "बोललीस ते बरंच झालं. दुसरं कोण बोलणार होतं?"

मी पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर गेले. पंधरवड्याच्या आत तू गेलीस. मामाने अग्नी दिला.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर अजून आलेलं नाही, आई. चौकशी झाली होती म्हणतात, तिचा अहवाल दिल्लीत कुठेतरी बंद पडून आहे. ते पाहुणे गेले, हुकूम देणारे गेले. मामाही म्हातारा होऊन गेला. दरवर्षी कुणी ना कुणी त्याला हार घालायला बोलवायचं, आणि तो दरवर्षी तापाचं निमित्त सांगायचा. त्या पटांगणावरून मी अजून कधी कधी जाते. तिथे आता पक्की इमारत आहे.

हे टपालात टाकायचं नाही हे मला लिहायला बसले तेव्हाच माहीत होतं. एकच सांगायचं राहिलं. माझ्या मुलांना, नातवंडांना, जो विचारेल त्याला मी तुझी गोष्ट सांगते, आणि सगळ्यांना छातीठोकपणे सांगते की माझ्या आईचं बरोबर होतं. मामाचंही बरोबर होतं, हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. तुला पहिल्यांदा सांगते आहे.