वहीतली श्रावण अष्टमी

तारापूर,
कार्तिक वद्य पंचमी

चि. मोनाली हिस नवशाकाका-हंसाकाकीचे पोटभर आशीर्वाद.

वि. वि. पन्नास झाले! काल हंसाने फोन खांद्याने कानाशी दाबून धरला आणि दोन्ही हातांची बोटं पाच वेळा उघडून दाखवली, तसा मी विणायला घेतलेलं जाळं टाकून उठलो. होडीच्या इंजिनाने माझे कान खाल्ले, नाहीतर तुझ्याच तोंडून ऐकलं असतं. सबंध राज्यात बेसबॉल खेळणाऱ्या कोणत्याच मुलीचे एवढे होमरन नाहीत, असं तू म्हणालीस म्हणे. हंसा शेजारच्या दमयंतीला सांगून आली की आमच्या पोरीचा चेंडू आता पुण्याहून सुटला की थेट बंदरावर पडायचा हाय.

रात्री रोजची मासळी टिपायची जुनी वही काढून बसलो. पालघरच्या शाळेतला पहिला असा लिहिलेला आहे: 'माघ वद्य षष्ठी. बोंबील तीन टोपल्या. मोनालीने चेंडू हद्दीपार मारला, बाईंच्या स्कूटरची काच फुटली.' होमरन हा शब्द तेव्हा मला माहीत नव्हता. पंचविसावा जळगावचा. त्या दिवशी माझ्या जाळ्यात नुसता कचरा होता, पण वहीत तुझ्या ओळीने पान भरलं आहे.

आता खेळाडूंच्या जागेवरची ती सरकारी नोकरी कोण अडवतो ते बघतोच. वेळेवर जेव. आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा
नवशाकाका

पुणे,
१५ नोव्हेंबर २०२५

ती. नवशाकाकांस मोनालीचा सा. न.

वि. वि. तुमचं पत्र सगळ्या मुलींना वाचून दाखवलं. स्कूटरवर फार हसल्या. मी मात्र अडचणीत आहे.

संघटनेच्या खोलीत मागच्या पावसाळ्यात पाणी शिरलं आणि जुन्या सामन्यांची स्कोअरबुकं लगदा झाली. त्यांच्या कागदावर माझे होमरन एकोणीस! नोकरीच्या अर्जाला सर्वाधिक होमरनचा दाखला जोडावा लागतो आणि शेवटची तारीख आहे पंधरा डिसेंबर. वाणगावची दीपिका नंतर खेळायला लागली, म्हणून तिचे सगळे एकेचाळीस शाबूत आहेत. तिला बॅट धरायला मीच शिकवलं, काका.

सचिव म्हणाले की कुणी त्या त्या दिवशी लिहून ठेवलं असेल तर जुन्या स्पर्धांच्या तारखांशी ताडून बघू आणि जुळलं तर धरू. मला तुमची वही आठवली. पण तुमच्या तिथी त्यांना कळायच्या नाहीत. राहिलेल्या एकतीस होमरनच्या इंग्रजी तारखा काढून यादी कराल का? वहीही लागेल.

काकीला नमस्कार. माझी आठवण जागती ठेवा.

तुमची
मोनाली

तारापूर,
मार्गशीर्ष शुद्ध द्वितीया

चि. मोनाली हिस अनेक आशीर्वाद.

वि. वि. वही आणि यादी सोबत पाठवतो आहे. खिळ्याला टांगलेली सगळी जुनी पंचांगं उतरवली. चार संध्याकाळी हंसा दिवा धरून बसली आणि मी तारखा लावल्या. ती म्हणाली की लग्नाचा मुहूर्तसुद्धा तुम्ही एवढा नीट बघितला नव्हता. मग पालघरला जाऊन यादीवर नोटरीचा शिक्का मारून आणला.

तू पुन्हा ताडून बघत बसू नकोस, तशीच दे. चाळीस वर्षं तिथी बघून होडी पाण्यात लोटतो आहे. तिथीत माझा हात चुकायचा नाही.

नोकरीचा कागद आला की आधी घरी ये. पापलेट राखून ठेवतो.

तुझा
नवशाकाका

बोईसर,
४ जानेवारी २०२६

ती. काकांस सा. न. वि. वि.

संघटनेची यादी लागली. सर्वाधिक होमरन, दीपिका, एकेचाळीस. नोकरीही तिचीच. आपले कागद ऑफिसात गहाळ झाले म्हणतात. तुम्ही मनाला लावून घेऊ नका, तिथला कारभारच तसा आहे. दीपिकाने फोन केला होता. मी उचलला नाही.

मी बोईसरला औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला लागले आहे. दोघींत एक खोली घेतली आहे. बॅट पुण्यालाच एका मुलीला देऊन टाकली. रविवारी सुट्टी असते, पण इतक्यात घरी येणं जमणार नाही. राग नसावा.

मोनाली

तारापूर,
१८ जानेवारी २०२६, रविवार

चि. मोनाली हिस आशीर्वाद.

वि. वि. तुझा कायमचा पत्ता इथलाच, म्हणून संघटनेचं पत्र इथे आलं. तुला आधी दिलेल्या पत्राची प्रत, असं त्यावर लिहिलं आहे. म्हणजे तुला सगळं ठाऊक होतं. कागद गहाळ झालेच नव्हते.

यादीत २४ ऑगस्ट २०२३ ला दोन होमरन आहेत आणि त्या दिवशी कुठेच स्पर्धा नव्हती, म्हणून सबंध वही त्यांनी खोटी ठरवली. मी पंचांग काढलं. त्या साली श्रावण दोन होते, आधी अधिक आणि मग निज. तू मारलेस ते अधिक श्रावणातल्या अष्टमीला, जुलैत. मी वहीत नुसती 'श्रावण शुद्ध अष्टमी' लिहिली होती आणि तारीख लावताना दुसऱ्या श्रावणाची लावली. अधिक असो की निज, अष्टमीला पाणी मंदच असतं, जाळं तसंच टाकायचं. म्हणून 'अधिक' हा शब्द मी कधी लिहीतच नाही. त्यात तुला ताडू नकोस म्हणून बजावलं वर.

हंसाला सचिवांना फोन करायला लावला. माणूस बरा आहे. म्हणाला की आजोबांची चूक आता समजली, पण नेमणूक होऊन गेली.

पोरी, तुला दहा वर्षांत कुणी बाद करू शकलं नाही, ते घरच्या म्हाताऱ्याने केलं. आणि तू मला सांभाळत बसलीस. बोईसर इथून हाकेवर आहे, तरी पोस्टाने पत्र टाकतेस. माझं तोंड बघवत नसेल तर तसं लिही. ओरडायचं असेल तर येऊन ओरड. ऐकू येणार नाही, पण समोर बसेन.

वही त्यांनी परत पाठवली आहे. आता तीत इंग्रजी तारीख घालतो. आजचं पान झालं: '१८ जानेवारी २०२६. बोंबील एक टोपली. मोनाली आली नाही.'

मागच्या रविवारीही हेच लिहिलं आहे.

नवशाकाका