बत्तीस व्हायोलिनं आणि पंपाची मोटर

२ ऑगस्ट १९९८, रविवार
सोसायटीच्या गणपतीत ईश्वरीचा नाच. संगीत माझं! बाजारची कॅसेट लावणार नाही, असं मीटिंगमध्ये उभं राहून जाहीर केलं. एक टाळी पडली. सुचित्राची. घरी आल्यावर म्हणाली, डास होता.

मित्र आशुतोषने दोन सीडी ट्रायलला दिल्यात. खऱ्या वादकांचे एकेक सूर रेकॉर्ड केलेले. कॉम्प्युटरला जोडलेल्या कीबोर्डची पट्टी दाबली की बत्तीस व्हायोलिनं वाजतात. एक ठेवायची, एक परत. आज निवड, उद्यापासून चाल.

५ ऑगस्ट
पहिली सीडी कोरडी. दुसरीत हॉलचा घुमारा. तुलना शास्त्रशुद्ध हवी, म्हणून दोन्हींवर फक्त सा. लांब धरलेला. वरच्या मालतीबाई दारात. पाण्याच्या पंपाची मोटर चालू राहिलीय का, म्हणे. गाढवाला गुळाची चव काय!

९ ऑगस्ट, सकाळ
कोरडी. फायनल.

संध्याकाळ
घुमारावाली. दुसरी लोड होईपर्यंत पहिलीचा सा विसरायला होतो. मग पुन्हा पहिली. मग कॉम्प्युटर हँग. डोकं फुटायची वेळ आली.

ईश्वरी विचारत होती, बाबा, चाल कधी देणार? सांगितलं, आधी सूर, मग चाल. पाया पक्का हवा. बिचारी आतल्या खोलीत एक-दोन-तीन-चार म्हणत नाचते.

१५ ऑगस्ट
सुट्टी. आज चाल पूर्ण करायचीच. सकाळभर सा. दुपारी लाइट गेली. लाइट आली तेव्हा मूड गेला होता.

सुचित्रा म्हणाली, अहो, पेटीवर साधं काहीतरी वाजवा ना, पोरगी खूश होईल. पेटी! बत्तीस व्हायोलिनं घरात असताना! रागाने जेवलो नाही. नंतर जेवलो.

२३ ऑगस्ट
आशुतोषचा फोन. कुठली ठेवतोस? म्हटलं, घाई करू नकोस, हे कलेचं काम आहे. खरं तर दोन्ही नकोशा झाल्यात.

२६ ऑगस्ट
तोडगा! दोन्ही सीडींचा सा एकावर एक. चौसष्ट व्हायोलिनं! कॅसेट भरली. चाल मुद्दाम ठेवली नाही. ईश्वरीला आतून सुचेल.

२८ ऑगस्ट
मांडव गच्च. ईश्वरी हात जोडून उभी. कॅसेट लावली. सा.

ती उभी. सा.

सोसायटीचा सेक्रेटरी हरेश मूळचा जवळच्या करावे गावचा, आवाज खणखणीत. माईकवरूनच ओरडला, अरे मोटर चालू हाय, कोनीतरी बंद करा! वॉचमन पळाला. कॅसेट संपली तरी पोरगी हात जोडून उभीच. मग सुचित्रा टाळ्यांवर आरती म्हणू लागली, मालतीबाईंनी झांजा घेतल्या. ईश्वरी नाचली. इतकी छान नाचली की मला तिच्याकडे बघवेना.

२९ ऑगस्ट
वॉचमन भेटला. मोटर खरंच चालू होती, टाकी भरून वाहत होती, म्हणाला. म्हणजे हरेश माझ्या संगीताला बोललाच नव्हता! जीव भांड्यात पडला. धावत घरी येऊन ईश्वरीला सांगितलं.

ती म्हणाली, हो बाबा, मोटर मलाही ऐकू येत होती. पण तुमचं कधी सुरू होणार होतं? मी थांबले होते.

म्हटलं, पुढच्या वर्षी.