एक व्हिडिओ, दोन फोन

जबलपूर,
मंगळवार

तीर्थरूप शरयूताईस,

भाऊरावचा वाकून नमस्कार. नागपुरात तुझा गुडघा आणि भावजींचा खोकला दोन्ही आता शहाण्यासारखे वागत असतील अशी आशा करतो. आमचं विचारशील तर मी कालपासून सुन्न आहे. पानात पोळी येते, मी तिच्याकडे बघत बसतो आणि शेवटी सुमित्रा ती उचलून नेते.

झालं असं की माझा जुना फोन अगदी थकला, म्हणून गोहलपुरातल्या एका दुकानातून नवा घेतला. (दुकानदार म्हणाला, "अंकल जी, पुराना खाली करके लाइए, तो एक्सचेंज में ले लेंगे." हे वाक्य ध्यानात ठेव.) घरी दोन्ही फोन शेजारी शेजारी ठेवले, काय काय बटणं दाबली, आणि दोन तासांत जुन्यातलं सगळं नव्यात दिसायला लागलं. मी खूश. मग सहज जुना उघडून पाहिला, तर सगळं तिथेही तसंच! मला धक्काच बसला. ताई, फॅक्टरीच्या स्टोअरमध्ये मी चौतीस वर्षं काढली. एकच वस्तू दोन ठिकाणी दिसली तर तपासणीवाला आधी स्टोअरकीपरची मान धरतो. सामान इकडून तिकडे गेलं की इकडची जागा रिकामी झालीच पाहिजे. म्हणून मी चष्मा लावून बसलो आणि नव्यात एकेक फोटो पाहून, खात्री करून, जुन्यातला पुसत गेलो. सुमित्रा म्हणाली, "अहो, काहून पुसून राहिले तुम्ही? राहू द्या ना!" मी म्हटलं, तुला स्टोअरमधलं कळत नाही. पुसलेलं सगळं एका टोपलीत साठतं असंही दिसलं. भंगार साठवणं तर त्याहून वाईट, म्हणून टोपलीही रिकामी केली.

मग नवा फोन उघडला. रिकामा! एकही फोटो नाही. सकाळी-सकाळी लोक व्हॉट्सॲपवर पाठवतात ती गुलाबाची फुलं मात्र सगळी सहीसलामत. तसाच चपला घालून दुकानात धावलो. तो म्हणाला, "अंकल, खाता तो एक ही है ना! यहाँ से मिटाया तो वहाँ से भी गया." आणि टोपलीचं ऐकून त्याने कपाळावर हातच मारला. मी त्याच्या स्टुलावर बसून राहिलो.

आता खरं लिहितो. आईचा तो चाळीस सेकंदांचा व्हिडिओ, ती मेथी निवडते आहे आणि माझ्यावर डाफरते, "ते बंद कर अन् दोन काड्या तू निवड," तोही गेला. तिचा आवाज असलेली तेवढी एकच गोष्ट माझ्याकडे होती. तू दर दिवाळीला मागायचीस आणि मी म्हणायचो, अस्सल वस्तू जागची हलवायची नाही. कसला मूर्खपणा हा! मला फार वाईट वाटतंय, ताई.

भावजींना नमस्कार.

तुझा,
भाऊराव

ता. क. : हे फोनवर सांगितलं असतं, पण तू काय बोलशील ते मला आधीच ऐकू येतंय. तुझ्याकडे आईचं काही, नुसतं खोकणं का असेना, असेल तर बघशील?

ता. क. दुसरा : ताई, मी सुमित्रा. पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं, म्हणून ह्यांच्या नकळत लिहिते आहे. तीन वर्षांपूर्वी ह्यांच्याच फोनवरून तो व्हिडिओ मी तुम्हाला पाठवला होता आणि लगेच इकडचा निरोप पुसून टाकला होता, आठवतं ना? तुमच्याकडे असूनही तुम्ही दर दिवाळीला मागत राहिलात, त्यांनी स्वतःच्या हाताने द्यावा म्हणून. तो अजून जपून ठेवला आहे ना तुम्ही? नक्की पाठवा. पण ह्यांनी फोन करून, तोंडाने मागितल्यावरच.