तांदळातलं नाव

रविवार, २ मार्च

सारंगने तिला जेवायला आणलं. मारिसेल. त्याच्याच ऑफिसातली, फिलिपिन्सची. मे महिन्यात लग्न — आम्हाला विचारलं नाही, सांगितलं. मुलगी वाईट नाही, हेच तर वाईट आहे. आमटी दोनदा मागून घेतली.

तिच्या गावात म्हणे जवळजवळ सगळ्यांची आडनावं 'र'वरून. रिव्हेरा, रोमेरो, रामोस. पावणेदोनशे वर्षांपूर्वी स्पॅनिश गव्हर्नराने आडनावांचं एक जाडजूड पुस्तक काढलं आणि त्याची पानं गावोगाव वाटली. हिच्या गावाच्या वाट्याला 'र' आला. "कर गोळा करायला सोपं जावं म्हणून," सारंग म्हणाला. तिने तोंड उघडायच्या आधी हाच बोलत होता.

शनिवार, ८ मार्च

घरात आता दुसरा विषय नाही. डोंगरातल्या लोकांना खाली आणून चर्चच्या घंटेचा आवाज पोचेल तिथेच कसं वसवलं, पूर्वजांच्या लाकडी मूर्ती पाद्र्यांनी कशा जाळल्या. सांगताना सारंगचे डोळे भरून येतात. ह्याच मुलाला मी शिवाजी महाराजांच्या गोष्टी सांगायला बसले की इथल्या शाळेतल्या पोरांसारखा 'ला' लावून म्हणायचा, "आई, सो बोरिंग ला."

जळते मी. सरळच लिहिते, इथे कोण वाचतंय.

बुधवार, १२ मार्च

मारिसेलच्या आजीला घराण्याचं जुनं नाव ठाऊक होतं, स्पॅनिशांच्या आधीचं. गेलेल्या माणसांसाठी पान वाढताना ती ते पुटपुटायची. मरण्याआधी नातीच्या कानात सांगून गेली. सारंगला ते नाव कळलंय. मी सहज विचारलं, तर म्हणतो, "ते तिचं आहे, आई. मी नाही सांगणार."

नाकाला मिरच्या झोंबल्या. शाळेत कुणाच्या डब्यातलं काय खाल्लं तेसुद्धा मला येऊन सांगणारा मुलगा हा!

गुरुवार, १३ मार्च

होळी. पुरणपोळ्या केल्या. सारंग शहराच्या त्या टोकाला, सेंगकांगला, तिच्या घरी जेवला.

शनिवार, १५ मार्च

मीही ठरवलंय. लग्न आपल्या पद्धतीने होणार. ताटात तांदूळ पसरून सारंग अंगठीने तिचं नवं नाव लिहील — प्रणिता. सुनेसाठी हे नाव कधीपासून मनात धरून ठेवलं होतं. आणलंय तर आणलंय, निदान नाव तरी माझ्या आवडीचं असू दे.

दीनानाथ म्हणाला, "अगं, तिला विचार तरी."

नवरोजींना आज हे सुचतंय. आमच्या लग्नात मला कुणी विचारलं होतं?

रविवार, २३ मार्च

विचारलं. जेवतानाच. ती रागावली असती तर बरं झालं असतं. चमचा खाली ठेवून म्हणाली, "आँटी, तुमचंही नाव असंच बदललं?"

"हो."

"आधीचं काय होतं?"

सारंग हसला. "आईचं नाव साधनाच आहे." मग माझ्याकडे बघितलं. "नाही?"

तिशीचा झाला, आज पहिल्यांदा विचारतोय. आणि तेही तिने विचारलं म्हणून. दीनानाथ ताकात मीठ ढवळत राहिला. ताटातलं नाव त्यानेच लिहिलं होतं, सासूबाईंच्या पसंतीचं.

"विसरले," म्हटलं. साफ खोटं. हिला का म्हणून सांगायचं? हिच्या नावासाठी माझा मुलगा डोळे पुसतो. लोक भाषणं देतात, पुस्तकं लिहितात. हिच्या माणसांची नावं बंदूकवाल्यांनी घेतली, तेव्हा चिडायला समोर कुणीतरी आहे. माझं गेलं तेव्हा सनई वाजत होती आणि मी लाजत उखाणा घेतला. पेढेही वाटले. मी कुणावर चिडू?

असो. ते नाव अगदीच काही मेलेलं नाही. नागपूरला दादा आहे.

मंगळवार, २५ मार्च

दादाला फोन केला. म्हटलं, एकदा मला माझ्या जुन्या नावाने हाक मार ना.

"काय झालं गं एकदम?"

"काही नाही. मार ना."

लहानपणी गल्लीभर ऐकू जाईल अशा हाका मारायचा मला. आता नुसता खाकरला. मग म्हणाला, "जीभच वळत नाही गं, साधना."

बुधवार, २६ मार्च

लग्नात तांदळाचं ताट नको, असं सारंगला सांगून टाकलं. मग मारिसेलला मेसेज केला, एकच शब्द — क्षिप्रा. घरात कुणाला सांगितलेलं नाही.