बरणीतला आठवा कुंचला

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा फोटो स्टुडिओंचे पडदे रंगवणे, डोके ठिकाणावर असताना (डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, कारण भाचीला शंका आहे) आपखुशीने माझी शेवटची इच्छा लिहून ठेवते. आधीची दोन मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती रागाच्या भरात लिहिली होती.

१. राहते घर भाचीला. माझ्या आजारपणात तिच्या तोंडाचा पट्टा चालू होता, पण हातही चालू होते.

२. शिडी समोरच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरला. तीनदा नेली, दोनदा परत आणली, म्हणजे ती त्याच्याकडेच आहे.

३. भिंतीवरचे चित्र. जन्मभर मी लोकांच्या पाठीमागे महाल आणि बागा रंगवल्या. स्वतःसाठी एवढे एकच काढले. त्यात माझे कामाचे टेबल आहे: रंगपाटी, रंग खरवडायची सुरी, चिंधी, आणि टर्पेंटाइनच्या रिकाम्या बरणीत केस वर करून उभे सात कुंचले. नऊ वर्षांपूर्वी डोळ्याचे ऑपरेशन करून घरी आले, पट्टी काढली, तर चित्रात कुंचले आठ. आठवा उलटा, केस खाली. असा ठेवला की केस वाकतात आणि कुंचला कामातून जातो. ही चूक वीस वर्षे एकच माणूस करत होता, माझ्या हाताखाली शिकलेला माझा धाकटा भाऊ. शेवटी गिऱ्हाइकासमोर मी त्याला त्यावरून नको नको ते बोलले आणि तो काम सोडून गेला. घराची किल्ली मात्र त्याच्याकडेच राहिली.

विचारले की कानांवर हात ठेवतो. "ताई, मी कशाला तुझ्या चित्राला हात लावू?" काम सफाईचे आहे, सावलीसुद्धा बरोबर बाजूला पडली आहे. ही खोडी की समेट, या कुतूहलाने मला नऊ वर्षे स्वस्थ बसू दिलेले नाही. तो परत कामाला यावा असे मला फार वाटते, हेही लिहून ठेवते. तर हे चित्र, ज्याने आठवा कुंचला काढला त्याला.

४. वकील म्हणाले, ज्याला काही मिळायचे आहे त्याने साक्षीदार होऊ नये. म्हणून मी मुद्दाम भावालाच साक्षीला बोलावले आहे. त्याने सही केली तर कुंचला त्याचा नाही असे मी धरून चालेन आणि पुन्हा विचारणार नाही.

ठिकाण: रंगकामाची खोली. दिनांक: १६ जून.
सही: पडदेवाली

साक्षीदार पहिला: डॉक्टर (सही)

साक्षीदार दुसरा: इथे भावाची सही व्हायची होती. त्याने कागद दोनदा वाचला, पेनाला टोपण लावले आणि म्हणाला, "माझी सही नाही चालायची, ताई. दुसरं कुणी बघ." म्हणून खालच्या मजल्यावरच्या औषधवाल्यांची सही घेतली. त्यांना बोलवायला तोच गेला होता.